"फाइल करप्ट आहे, उडवून टाका"... अहो थांबा जरा

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपवर परवा परत तोच फॉरवर्ड आला, "कॉम्प्युटरवाल्याला एक रुपया देऊ नका, हे पाच उपाय करा". ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कॉम्प्युटर स्लो झाला की रिफ्रेश मारत राहा, प्रीफेच फोल्डर रोज रिकामं करा, जुनी फाइल उघडत नसेल तर एक्स्टेंशन (फाइलच्या नावाच्या शेवटचं डॉक, जेपीजी वगैरे) बदला, मराठी अक्षरं विचित्र दिसली तर फॉन्ट मंगल करा आणि तरी नाही जमलं तर फाइल करप्ट समजून डिलीट करा, आणि वेबसाइट उघडेनाशा झाल्या तर व्हायरस, सरळ फॉरमॅट. खाली वीस जणांचे अंगठे. म्हणून लिहायला बसलो.

रिफ्रेशचं पटकन संपवतो. एफ फाइव्ह दाबलं की डेस्कटॉपवरचे आयकॉन परत काढले जातात, बस. रॅम मोकळी होत नाही, काही होत नाही, बोटाला व्यायाम.

प्रीफेचचं तर उलटंच आहे. कुठला प्रोग्राम सुरू होताना काय काय लागतं त्याची नोंद विंडोज तिथे ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उघडावा. ते रोज पुसलं की रोज नव्याने शिकायचं. तात्पुरत्या फाइलींचं टेम्प फोल्डर साफ करा हवं तर, जागा मिळेल. पण जुन्या मशीनला खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, टाकल्यावर, आणि त्याला रुपये लागतात, त्याला इलाज नाही.

आता एक्स्टेंशन. हा गैरसमज का टिकलाय ते मला कळतं, कारण फोटोच्या बाबतीत कधीकधी चालून जातं. पीएनजीचं नाव जेपीजी केलं तरी फोटो दिसतो, कारण बरेच व्ह्यूअर नाव न बघता फाइलच्या सुरुवातीचे बाइट्स बघतात. फाइल आतून पीएनजीच असते, फक्त पाटी बदललेली. वर्डला हे चालत नाही. जुनी डॉक फाइल आणि ऑफिस 2007 पासूनची डॉकएक्स या आतून पूर्ण वेगळ्या. डॉकएक्स ही खरं तर झिप आहे, म्हणजे बऱ्याच फाइलींचं एक गाठोडं, विश्वास नसेल तर एखादीची कॉपी करून शेवटी झिप लिहा आणि उघडून बघा, आत फोल्डर दिसतील. त्यामुळे डॉकच्या शेवटी नुसता एक्स चिकटवला तर वर्ड कुरकुरणारच. फाइल उघडायची आणि सेव्ह ॲज करायचं, ते खरं कन्व्हर्ट. वर्ड नसेल तर लिब्रे ऑफिस फुकट आहे, ते जुन्या पेजमेकरच्या फाइलीसुद्धा बऱ्यापैकी उघडतं.

मंगलवाल्या मुद्द्यावर मात्र मला राग येतो. माझे धाकटे काका पिंपळगाव बसवंतला असतात, द्राक्षबाग आहे, 2003 पासून छाटणीच्या तारखा, कुठल्या प्लॉटला बोर्डो (बुरशीचं औषध) कधी मारलं, सगळं त्यांनी वर्डमध्ये टाइप करून ठेवलेलं. नवा लॅपटॉप घेतला, फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, आणि चुलतभाऊ हाच फॉरवर्ड वाचून डिलीट करायला निघालेला! फाइल ठणठणीत होती. ती कृतीदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. हे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली, त्यामुळे "नाशिक" लिहिलं की फाइलमध्ये खरं साठतं यू, के, एफ, एक सिंगल कोट, के, डी. फॉन्ट असला तर नाशिक, नसला तर कचरा. मंगल लावून काय होणार, आत यूच आहे तर यूच दिसणार. आधी तो मूळ फॉन्ट टाका, वाचता येतं का बघा, मग कॉपी करून कन्व्हर्टरमधून युनिकोड करा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेली आजची पद्धत. कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा हवा, श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फॉन्टचा कृतीदेवला चालत नाही.

आणि झाल्यावर वाचायचं, डोळ्यांनी. वर नाशिकमध्ये बघा, तो एफ म्हणजे पहिली वेलांटी, ती श च्या आधी साठलीय, युनिकोडमध्ये ती श च्या नंतर साठते. रफाराचं बरोब्बर उलटं. कन्व्हर्टरला ही अदलाबदल करावी लागते आणि तिथेच तो घसरतो, काकांच्या फाइलीत "बोर्डो"चं सगळीकडे "बोडोर्" झालं होतं. ते निदान हसण्यावारी जातं, पण औषधांची नावं मध्येच इंग्रजीत लिहिलेली, त्यांचाही कन्व्हर्टरने मराठी चिवडा केला. फवारणीच्या नोंदीत हे परवडत नाही. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही, कधीच नाही.

राहिला व्हायरस आणि फॉरमॅट. आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू, पीसीवर एकही साइट उघडेना, "कनेक्शन सुरक्षित नाही". मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर साल 2009. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला, त्या रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायच्या, सकाळी तारीख मागे. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, मुदत असते आणि ब्राउझर ती तुमच्याच घड्याळाशी ताडून बघतो, 2009 मध्ये ते सर्टिफिकेट जन्मलेलंच नव्हतं! सीआर 2032 सेल, एका मिसळीपेक्षा स्वस्त. फॉरमॅट मारला असता तर फोटो गेले असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत 2009.

काकांची 2003 ते 2008 ची वर्षं झाली युनिकोडमध्ये. पुढची फाइल उघडली तर त्यात अर्धा मजकूर कृतीदेव, अर्धा शिवाजी नावाच्या आणखी एका जुन्या फॉन्टमध्ये. रविवारी परत पिंपळगाव.