घरी जोडलेला एलईडी लाइट: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, पण घाईत काही लिहायचं नव्हतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाणवनस्पतींच्या काचेच्या टाकीसाठी (अॅक्वेरियमसाठी) घरी एलईडी लाइट जोडून पैसे वाचतात हा माझ्या लेखातला दावा फसवा आहे, पाण्यावर असली वायरिंग टांगायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि कंपनीने तपासलेला तयार लाइट झाडांना केव्हाही चांगला. शिवाय लेख वाचून तुमचा मुलगा सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलाय. तुमची काळजी मला समजते.

वायरिंगबद्दल तुम्ही बरोबर आहात. 'चांगला ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट पुरवणारा डबा) घ्या' एवढंच लिहून मी पुढे गेलो, ती चूक झाली. काही स्वस्त ड्रायव्हर आयसोलेटेड नसतात, म्हणजे एलईडीकडे जाणारी तार आणि मेन लाइन यांच्यात ट्रान्सफॉर्मरची आडभिंत नसते. एलईडीच्या दोन टोकांत मीटर ३० व्होल्ट दाखवतो, पण जमिनीच्या हिशेबाने तीच तार मेनच्या व्होल्टेजवर असू शकते. त्यावर ओला हात पडला तर जीवावर बेतेल. ड्रायव्हर आयसोलेटेडच हवा आणि टाकीपासून लांब हवा. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलातूनच गळून जातं. विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा ब्रेकर घरात हवाच. हे सगळं आता मूळ लेखात सर्वांत वर टाकलं आहे.

पैशांचं अर्धं मान्य. छोटी टाकी, त्यात जावा फर्न आणि अनुबियास असतील तर तयार लाइट घ्या. ही झाडं कमी उजेडातही खुशाल वाढतात, आणि हीटसिंक (एलईडीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग), ड्रायव्हर, लेन्स, थर्मल पेस्ट जमवता जमवता खर्च तिथेच पोचतो.

'तपासलेला' या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. खोक्यावर बहुतेक वेळा ल्युमेन छापलेले असतात, आणि ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतो. झाडं ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा वापरतात, आणि हरितद्रव्य त्यातला निळा आणि लाल जास्त शोषतं. सारख्या ल्युमेनचे दोन लाइट झाडांना सारखे पडतीलच असं नाही.

आणि उजेड जास्त झाला तर? माझ्या ६० सेंटिमीटरच्या टाकीवर मी तीन वॅटचे १२ एलईडी ७०० मिलिअँपिअरवर लावले होते. दहाव्या दिवशी पुढच्या काचेवर बोट फिरवलं तर शेवाळाच्या हिरव्या थरात स्वच्छ रेघ उमटली. करंट ३५० वर आणला, टायमर सात तासांवर लावला, काच पुसली. थर पुन्हा धरला नाही, आणि रोटाला या पाणवनस्पतीची पानं बुडापासून टिकू लागली. डिमर (उजेड कमी-जास्त करायची सोय) नसलेल्या तयार लाइटमध्ये मला फक्त तास कमी करता आले असते.

दुरुस्तीचंही तसंच. त्याआधीच्या माझ्या तयार लाइटमधला एकच एलईडी गेला आणि सगळी पट्टी विझली. झाकण चिकटवून सील केलेलं होतं, ते न फोडता आत जाताच येईना. सील पाण्यापासून वाचवण्यासाठी असतं हे खरं, पण अख्खा लाइट टाकून द्यावा लागला. घरच्या लाइटमधला एलईडी गेला तेव्हा मीटरने तो शोधला, सोल्डरचे दोन टाके सोडवले, नवा बसवला. अर्ध्या तासाचं काम.

आता मुलाबद्दल. त्याला थांबवू नका, पण मेनकडची बाजू उघडू देऊ नका. चांगल्या प्रतीचा बंद १२ व्होल्टचा अॅडॅप्टर द्या, एक छोटा करंट-लिमिटर आणि ओळीने जोडलेले तीन पांढरे एलईडी. ते तीन मिळून साधारण ९ ते १० व्होल्ट घेतात. टाके देताना शेजारी बसा. टाकीवर चढवण्याआधी तासभर टेबलावर चालवा, मग हीटसिंकला हात लावून बघा. पाच सेकंद हात ठेवता आला नाही तर हीटसिंक लहान पडतोय, मोठा लावा. अडलं तर इथेच विचारायला सांगा, मी उत्तर देईन.