गूळ-बेसनाच्या ड्रममध्ये नेमकं काय वाढतं?

आमच्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. सारांश असा: "एक किलो ट्रायकोडर्मा, २ किलो गूळ, २ किलो बेसन २०० लिटर पाण्यात टाका. ड्रम झाकून ठेवा. सात दिवसांत २०० लिटर ट्रायकोडर्मा तयार. हिरवं दिसलं की झालं समजा. पुढच्या वेळी त्यातलंच विरजण वापरा, आयुष्यभर विकत घेऊ नका. बिव्हेरियाही असंच वाढतं. कोणत्याही औषधात मिसळा, कोणत्याही किडीवर चालतं. निसर्गाचं आहे, कुणाला अपाय नाही."

ट्रायकोडर्मा ही मातीतले रोग रोखणारी बुरशी, बिव्हेरिया ही किडी मारणारी. घरी अशी बुरशी वाढवायला माझा विरोध नाही. शेतकऱ्यानं ती वाढवावीच. पण हा मेसेज पाळला की हरभऱ्याची मर, म्हणजे उभं झाड वाळवणारा रोग, थांबत नाही, आणि माणूस म्हणतो, "ट्रायकोडर्मा फोल आहे." मला त्याचंच वाईट वाटतं.

आधी ड्रमचा हिशेब पाहू. भुकटीच्या पाकिटावर ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत कण असा निकष असतो. एक किलो २०० लिटरमध्ये टाकलं की मिलिलिटरमागे उरतात फक्त १० हजार. म्हणजे पाकिटाइतका जोर यायला बुरशी २०० पट वाढायला हवी. विहिरीच्या पाण्यात, गुळात, बेसनात आधीच जिवाणू आणि यीस्ट असतात. गोड पाण्यात जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात, बुरशीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. त्यात झाकलेल्या ड्रममधली हवा संपते, आणि ट्रायकोडर्माला हवा लागते. सातव्या दिवशी येणारा आंबूस वास यीस्ट आणि जिवाणूंचा असतो. प्रयोगशाळेतही ही बुरशी द्रवात वाढवतात, पण तिथं माध्यम निर्जंतुक केलेलं असतं आणि हवा सतत सोडलेली असते.

आपल्याला जमेल असा मार्ग ज्वारीचा. ज्वारी रात्रभर भिजवायची, अर्धवट उकडायची, पाणी निथळून उष्णता सहन करणाऱ्या पिशव्यांत अर्धी भरायची, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा. मग कुकरमध्ये पूर्ण दाबावर पाऊण तास. थंड झाल्यावर स्वच्छ हातानं, वारा नसलेल्या खोलीत मूळ कल्चर, म्हणजे शुद्ध बुरशीचं विरजण, घालायचं. २५ ते ३० अंशांत आठ-दहा दिवसांत दाणे हिरवे होतात. आपल्या मे महिन्यात हे करू नका, ३५ अंशांपुढे तिची वाढ मंदावते.

आता "हिरवं दिसलं की झालं". मेसेजमधली ही ओळ मला सगळ्यात धोक्याची वाटते. हिरव्या बुरशी इतरही आहेत: पेनिसिलियम निळसर हिरवी असते, आणि ॲस्परजिलस फ्लेवस पिवळट हिरवी. भुईमुगात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी हीच, आणि आपल्या उन्हाळ्यात ती ट्रायकोडर्माहून जोमानं वाढते. अशी पिशवी उघडून हातानं कालवणाऱ्याच्या फुफ्फुसात तिचे कण जातात. रंगाची शंका आली तर पिशवी न उघडता पुरून टाका. चांगली पिशवी हाताळतानाही तोंडाला फडकं बांधा.

विरजणाचंही तेच. प्रत्येक फेरीत बाहेरची बुरशी थोडी-थोडी शिरते आणि तीन-चार फेऱ्यांनी पिशवीत भलतंच काही असतं. दर वेळी शुद्ध कल्चर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून मागून घ्या. पाकिटातली भुकटी त्यासाठी चालत नाही.

"कोणत्याही औषधात मिसळा" म्हणे. कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकात ट्रायकोडर्मा मिसळली तर ती मरते. तेवढंच पुरे.

"कोणत्याही किडीवर" हे तर मुळातच चुकीचं. ट्रायकोडर्मा किडीसाठी नाही. ती मातीतल्या रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढते, त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांची जागा बळकावते. म्हणून मर, मूळकुज, मानकुज यांवर ती कामाची, तीही लागण होण्याआधी: बियाण्याला किलोमागे ४ ते १० ग्रॅम, किंवा १०० किलो ओलसर शेणखतात एक किलो मिसळून, आठवडाभर सावलीत अधूनमधून पालथं घालून. किडींवर बिव्हेरिया चालते. ती अळीच्या कातडीतून आत शिरते, म्हणून अंगावर पडली पाहिजे, हवेत ओल पाहिजे, फवारा संध्याकाळी पाहिजे. पऱ्हाटीतली गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते, तिथं फवारा पोचत नाही. उलट ऑगस्ट-सप्टेंबरात सोयाबीनवर पांढऱ्या-हिरवट होऊन वाळलेल्या अळ्या दिसतात ना? ते मेटारायझियम रिलेई या बुरशीचं काम, आपल्या वावरात आपोआप होणारं. त्या दिसल्या की थोडं थांबा, लगेच फवारू नका.

राहिलं "कुणाला अपाय नाही". २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यानंतर निर्धोक पर्याय शोधणाऱ्याला ही ओळ भावणारच. माणसाला बिव्हेरियाचा धोका रासायनिक औषधांहून फार कमी, हे खरं. पण हिचा शोधच रेशीमकिड्यांच्या रोगातून लागला. १८३५ मध्ये इटलीच्या अगोस्तिनो बास्सीनं दाखवलं की किडे मारणारी ती एक बुरशी आहे. गडचिरोली-भंडाऱ्यात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पोसले जातात, बाकी जिल्ह्यांत तुतीचे प्लॉट उभे राहिलेत. शेजाऱ्याचं रेशीम असताना वाऱ्याच्या दिशेनं बिव्हेरिया फवारली तर त्याची अख्खी बॅच जाऊ शकते. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर निदान ही एक ओळ तरी काढून टाका, आणि तिच्या जागी लिहा: आजूबाजूला रेशीम आहे का, ते आधी विचारा.