लेझर फिरवला म्हणून विरघळणारे इम्प्लांट निर्धोक ठरत नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. शरीरात विरघळणाऱ्या स्क्रूवर किंवा स्टेंटवर (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीवर) लेझर फिरवला की कोणतेही रसायन न वापरता त्याचा पृष्ठभाग पेशींना हवासा आणि जंतूंना नकोसा होतो, हा बदल कायमचा असतो, मूळ पदार्थाला धक्का लागत नाही आणि काम संपल्यावर तो मागमूस न ठेवता विरघळतो, असे त्यात म्हटले आहे. लेझरने पृष्ठभाग बदलतो आणि पेशी त्याला प्रतिसाद देतात, एवढे खरे आहे.

‘मूळ पदार्थाला धक्का लागत नाही’ हे विधान सर्वांत दिशाभूल करणारे आहे. बाहेरून रसायन ओतले जात नाही, हे मान्य. पण 193 नॅनोमीटरच्या एक्सायमर या अतिनील लेझरच्या एका फोटॉनमध्ये सुमारे 6.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते आणि कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साधारण 3.6 पुरतात. आयबीएममध्ये रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले ते हेच, की अशा लेझरने बहुलकाचा (लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या पदार्थाचा) अगदी पातळ थर नेमका उडवता येतो (डोळ्यांची लेझर शस्त्रक्रिया याच कामातून पुढे आली). अशा इम्प्लांटसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्ल या बहुलकाच्या साखळ्या तुटून आखूड झाल्या की पाणी त्यांचे विघटन अधिक लवकर करते, म्हणजे ज्या वेगाने इम्प्लांट विरघळायचे तो वेगच बदलू शकतो. कार्बन डायऑक्साइड लेझर प्रामुख्याने उष्णतेने काम करतो; पॉलिलॅक्टिक आम्ल 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे दुसरे विरघळणारे बहुलक तर तेवढ्यातच वितळते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली खाचेच्या काठाशी वितळून पुन्हा गोठलेली कड दिसते. अत्यंत आखूड स्पंदांच्या फेमटोसेकंद लेझरने उष्णतेचा त्रास बराच कमी होतो, पण साखळ्या तुटायच्या थांबत नाहीत.

जंतूंबाबतचा दावा मोजमापापुढे टिकत नाही. पेशी दहा-वीस मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठी असते आणि ती खाचेच्या दिशेने लांबते. स्टॅफिलोकॉकस हा जंतू मात्र जेमतेम एक मायक्रोमीटरचा असल्यामुळे पेशीला वाट दाखवणारी तीच रुंद खाच त्याला आडोसा देऊ शकते. एखादा विशिष्ट नक्षीकाम केलेला पृष्ठभाग जंतूंना रोखू शकतो, पण ते त्या नक्षीचे श्रेय असते, सरसकट लेझरचे नव्हे.

बदल कायमचा असतो, हेही गृहीत धरता येत नाही. कोरलेली खाच टिकते. परंतु पृष्ठभागावर आलेले पाणीस्नेही रासायनिक गट कालांतराने आत वळू शकतात, आणि सुरुवातीला पसरणारा पाण्याचा थेंब साठवणीनंतर पुन्हा फुगीर बसू लागतो. शिवाय 121 अंशांची वाफ या पदार्थांना मानवत नाही, म्हणून निर्जंतुकीकरणासाठी एथिलीन ऑक्साइड वायू किंवा प्रारण (रेडिएशन) वापरतात, आणि प्रारणानेही साखळ्या तुटतात. त्यामुळे लेझरनंतर लगेच केलेली चाचणी पुरेशी नाही. ती निर्जंतुकीकरण आणि साठवण झालेल्या नमुन्यावरच व्हायला हवी.

राहिला मागमूस न ठेवण्याचा मुद्दा. ॲबसॉर्ब हा पॉलिलॅक्टिक आम्लाच्या नळीतून लेझरनेच कापलेला स्टेंट अमेरिकेत जुलै 2016 मध्ये मंजूर झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची विक्री थांबली. धातूच्या स्टेंटच्या तुलनेत त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण जास्त आढळले होते. त्याच्या काड्या सुमारे 150 मायक्रोमीटर जाड होत्या आणि पूर्ण विरघळायला त्यांना जवळपास तीन वर्षे लागणे अपेक्षित होते. त्या काळात त्या रक्तवाहिनीतच राहणार होत्या.