“नाण्यावर रोम लिहिलंय, लेबलवर ट्रिअर कसं?” या रिव्ह्यूला आमचं उत्तर
नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की जुन्या रोमन नाण्यावर चक्क उर्ब्स रोमा, म्हणजे रोम शहर, असं लिहिलंय, मोबाइलच्या ॲपनेही रोमचंच सांगितलं, तरी आम्ही लेबलवर टांकसाळ म्हणून ट्रिअर टाकलं, वर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं नाव घातलं जे नाण्यावर कुठेच नाही, आणि तुम्ही आणलेल्या दुसऱ्या नाण्याला ‘सम्राट नक्की नाही’ लिहून नाणं ओळखून देण्याची फी घेतली. तुम्ही मराठीत लिहिलंत म्हणून मीही इंग्लंडातल्या या दुकानातून मराठीतच लिहितो, इतर कोणी वाचलं तर त्यांनाही उपयोग होईल.

लांडगीवालं नाणं आधी घेऊ. समोर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे लांडगी, तिचं दूध पिणारे रोम्युलस आणि रीमस, म्हणजे दंतकथेतले रोम वसवणारे जुळे भाऊ, वर दोन चांदण्या. छाप रोम शहराच्या मानाची आहे हे अगदी खरं, पण म्हणून नाणं रोममध्येच पाडलं असं होत नाही. इ.स. 330 मध्ये कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) ही नवी राजधानी सुरू केली, त्या सुमाराला दोन्ही शहरांच्या नावाने अशी नाणी निघाली आणि ती ट्रिअरपासून थेट आजच्या तुर्कस्तानातल्या अँटिऑकपर्यंत बऱ्याच टांकसाळींनी पाडली. टांकसाळ कुठली हे बघायचं लांडगीच्या पायाखालच्या आडव्या रेघेखाली. तुमच्या नाण्यावर तिथे टी आर एस आहे, टी आर म्हणजे ट्रिअर, आजच्या जर्मनीतलं, आणि एस म्हणजे तिथला दुसरा विभाग. रोमचं असतं तर ती खूण आर ने सुरू झाली असती. एस अर्धा घासलाय, मान्य, पण टी चा आडवा दांडा लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, स्वच्छ दिसतो, काउंटरवर मी तो तुम्हाला दाखवलाही होता. फोटोत नेमकी हीच अक्षरं सावलीत जातात, मग ॲप वरचं मोठं नाव बघून ठरवतं. खूण वाचतानाही घाई चालत नाही बरं का, एस कॉन्स्ट दिसलं की लोक लगेच कॉन्स्टँटिनोपल म्हणतात आणि ते निघतं फ्रान्समधलं आर्ल!

इंग्लंडात ट्रिअरची नाणी सापडण्यात तर नवल काहीच नाही, लंडनची टांकसाळ 325 च्या सुमाराला बंद पडली, त्यानंतर इकडे चिल्लर यायची ती मुख्यतः ट्रिअर, लियाँ, आर्ल इथूनच.

कॉन्स्टंटाइनचं म्हणाल तर लेबल परत एकदा वाचा, तिथे ‘कॉन्स्टंटाइन पहिला याच्या काळातलं’ असं लिहिलंय, चेहरा त्याचा आहे असं आम्ही कुठेच म्हटलेलं नाही. आरआयसी या रोमन नाण्यांच्या सूचीच्या सातव्या खंडात 313 ते 337 ची नाणी टांकसाळवार लावलीत, त्यामुळे टांकसाळ चुकली की नाण्याचा सूचीतला नंबरही चुकतो.

आता दुसरं नाणं, कारण तुमचा खरा राग त्याच्यावर आहे असं वाटतं. मागे दोन सैनिक आणि मधे एकच निशाण, वजन 1.4 ग्रॅम, म्हणजे साधारण 335 ते 341 मधलं, हे आम्ही लिहून दिलं. समोर मात्र फक्त ‘कॉन्स्टॅन’ एवढीच अक्षरं उरलीत, पुढचं सपाट. कॉन्स्टंटाइनच्या घराण्यात कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँशियस, कॉन्स्टन्स, सगळ्यांची सुरुवात तीच! चेहरेही एका साच्यातले, त्यावरून माणूस ओळखता येत नाही. मी ठोकून एक नाव लिहिलं असतं तर तुम्ही खूश होऊन गेला असता, पण उद्या ते लेबल दाखवून तुम्ही नाणं विकलंत तर घेणारा फसला असता, आणि ते मला चालत नाही. जेवढं नाण्यावर दिसतं तेवढंच आम्ही लिहितो. फी बघण्याच्या कामाची असते, नाव सापडलं तरी नाही सापडलं तरी, हे पावतीवर आणि काउंटरवरच्या पाटीवरही आहे.

अजून शंका असेल तर दोन्ही नाणी घेऊन या, मायक्रोस्कोपखाली मोठ्या स्क्रीनवर एकत्र बघू, त्याचे पैसे नाहीत. लांडगीवालं ट्रिअरचं नाही असं कोणत्याही जाणकाराने ती खूण वाचून लेखी दिलं तर पूर्ण पैसे परत, त्याला मुदत नाही. फक्त तोपर्यंत अक्षरं उघडी करायला म्हणून लिंबू, चिंच किंवा ब्रासो लावू नका, वरचा हिरवा थर गेला की त्याच्याबरोबर उरलेला एस पण जाईल.