पाठीचा जबाब

घरात मी आळशी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ही प्रसिद्धी मी काडीचेही कष्ट न करता मिळवलेली आहे. चार वर्षांपासून माझी कंबर दुखते. म्हणजे, दुखते असं मी म्हणतो. एमआरआय झाला, त्यात या वयात कुणाच्याही मणक्यांत सापडेल तेवढंच सापडलं. तेव्हापासून घरचं एकमत आहे की ह्यांची कंबर गादी उचलायच्या वेळी दुखते आणि गादीवर पडल्यावर थांबते.

त्यामुळे फिजिओथेरपीत एमडी-बिमडीसारखं पुढचं काहीतरी करणाऱ्या भाचीने फोनवर "मामा, मला प्रबंधासाठी कंबरदुखीवाली माणसं हवीयत" म्हटल्याबरोबर मी हो म्हणून टाकलं. पाठीला स्टिकर लावायचे, तारा जोडायच्या आणि कोणता स्नायू किती काम करतोय ते पडद्यावर बघायचं. सरफेस इलेक्ट्रोमायोग्राफी, घरगुती नाव ईएमजी. सुई नाही, शॉक नाही. यंत्र शरीरात काही सोडत नाही, आतून येतं ते नुसतं ऐकतं. मी म्हटलं, चला, चार वर्षांनी कुणीतरी माझ्या पाठीचं ऐकून घेणार.

ऐकण्याआधी तिने माझी पाठ भादरली.

"हे कशाला?"

"केसांवर स्टिकर नीट बसत नाही. हलू नकोस."

मग खरखरीत काहीतरी घेऊन, करपलेल्या भांड्याचा तळ घासावा तशी कातडी घासली आणि वर स्पिरिट फिरवलं. कारण असं की स्नायूचा संदेश कातडीवर पोचेपर्यंत फारच क्षीण झालेला असतो. मिलिव्होल्टमध्ये, बऱ्याचदा त्याच्याही शेकडाव्या हिश्श्यात. मृत पेशी, तेल, घाम हे सगळे वाटेत टोलनाका लावून बसलेले. हे ऐकून मी तोंड वाकडं केलं तेव्हा तिने मला एमिल द्यु ब्वा-रेमाँ या जर्मन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. माणसाच्या हाताच्या स्नायूंतली वीज त्याने १८४९ च्या सुमारास टिपली. कातडीचा अडथळा नको म्हणून हातांवर फोड आणून तिथली कातडीच काढून टाकली होती. ही गोष्ट धीर देण्यासाठी होती की धमकी म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी तोंड सरळ केलं एवढं खरं.

मग जागा शोधणं. कंबरेच्या पहिल्या मणक्यापासून बाजूला दोन बोटं, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने, दोन स्टिकरांच्या मध्यांत वीस मिलिमीटर अंतर. युरोपातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात सेनिअम नावाच्या प्रकल्पात हे सगळं ठरवून दिलंय, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या मर्जीने कुठेही चिकटवायचा. भाची बोटांनी मणके मोजत वर गेली, खाली आली, परत वर गेली.

"मामा, इथे जरा थर आहे."

"कसला थर?"

"स्नायू आणि स्टिकरच्या मधला."

मी विषय वाढवला नाही. थर जितका जाड तितका आतला आवाज दबतो, हे तिनेच आपणहून पुढे सांगितलं. शेवटचा एक स्टिकर कमरेच्या हाडावर लावला. हाड काही काम करत नाही, म्हणून बाकीच्यांची तुलना त्याच्याशी करायची. घरात आपल्याशीही अशीच तुलना होते, त्यामुळे त्या जागेबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

पडदा सुरू झाला. मी अगदी शांत पडलो होतो, तरी डाव्या बाजूच्या रेघेत ठरावीक अंतराने टोकं उठत होती. टक्... टक्... टक्.

"बघ! हेच दुखणं! असंच ठणकतं!"

"मामा, ते तुझं हृदय आहे."

हृदयाची वीज एवढी दांडगी की पाठीच्या स्नायूंवर कान लावला तरी मधेमधे तीच बोलते. ती गाळायची युक्ती असते, तिने गाळली. मग रेघेवर एकसारखी बारीक थरथर आली. त्यातही मला माझं दुखणं दिसलं, पण तो भिंतीतल्या विजेचा गुणगुणाट निघाला. चार्जर काढला, पंखा बंद केला, माझा मोबाइल दुसऱ्या खोलीत गेला. आता उकाड्यात, भादरलेल्या पाठीने, तारांच्या जंजाळात मी एकटा. घाम आला तर स्टिकर सुटतील, म्हणून घाम न येऊ देण्याची सूचना मिळाली.

यापुढचा प्रकार मुख्य. मायक्रोव्होल्टचा नुसता आकडा बिनकामाचा असतो, कारण तो माणसागणिक आणि स्टिकरागणिक बदलतो. म्हणून आधी त्या स्नायूचा जास्तीत जास्त जोर नोंदवून घेतात, त्याला शंभर टक्के धरतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजतात. मला पालथं झोपवलं, पाय पट्ट्याने बांधले, भाची खांद्यांवर रेलली आणि ओरडायला लागली, "उचल! लाव जोर! अजून! अजून! अजून!"

ज्याची कंबर चार वर्षं दुखतेय त्याला कुणी 'अजून' म्हटलं की आतून एक शहाणा माणूस 'पुरे' म्हणतो. मी चेहऱ्याने पूर्ण जोर लावला, दात चावले, कण्हलो. चेहऱ्याला स्टिकर लावले असते तर विक्रम झाला असता. तीनदा केलं, तीनदा तिने पडद्याकडे आणि मग माझ्याकडे संशयाने पाहिलं.

पुढची नोंद अगदी सोपी होती, नुसतं उभं राहायचं. मी उभा राहिलो आणि मला शिंक आली.

भाची बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"मामा, शिंकेत तू एकशे अठरा टक्के जोर लावलास."

आता आली का पंचाईत! शंभरातले एकशे अठरा मिळवणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच. पण तिच्या मते याचा अर्थ एवढाच की मघाशी मी शंभर दिलेच नव्हते. यात माझीच लबाडी असं नाही. दुखणारी माणसं भीतीने हात राखूनच जोर लावतात. म्हणून त्यांच्याबाबतीत पुष्कळ संशोधक कमाल जोराच्या भानगडीत न पडता एखादं ठरावीक हलकं काम घेऊन त्याच्याशी तुलना करतात. मग आधीच तसं का नाही केलंस, असं मी विचारलं. "गाइड," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात सगळं आलं.

बसण्याच्या चाचणीत मला वाटलं, जन्माचा सूड उगवला. शाळेपासून 'ताठ बस, ताठ बस' ऐकत आलेलो. ताठ बसलो तर रेघ जाड झाली, पोक काढलं तर बारीक झाली. "म्हणजे पोकातच स्नायूंना आराम! मी म्हणत नव्हतो?"

"आराम स्नायूंना. ते भार सोडून देतात आणि तो हाडं बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर न् मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो. रेघ बारीक म्हणजे सगळं बरं, असं नसतं." मग थोडं थांबून, "आणि ताठ बस म्हटलं की तू सलामी द्यायला बसल्यासारखा का बसतोस? तेवढ्याची गरज नाही."

सगळ्यात नवलाची गोष्ट वाकताना झाली. ज्याची पाठ दुखत नाही असा माणूस पाय सरळ ठेवून सावकाश पुढे वाकला, की आधी कंबरेचे स्नायू काम करतात आणि अगदी खाली पोचल्यावर चक्क गप्प होतात. रेघ सपाट. तिथे शरीर अस्थिबंधांवर लोंबकळतं, स्नायूंना सुटी. फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोघांनी १९५५ मध्ये यावर सविस्तर लिहून ठेवलंय. मी वाकलो. खाली पोचलो, म्हणजे गुडघ्यांच्या जरा खाली. रेघ तशीच खदखदत राहिली.

"सोड मामा, सैल सोड."

"सोडलंय!"

"पाठीने नाही सोडलेलं."

मला गहिवरून आलं. अख्ख्या घराने आळशी ठरवलेल्या माणसाची पाठ हक्काच्या सुटीतही कामावर हजर होती! मी म्हटलं, हे मला सही-शिक्क्यानिशी लिहून दे, मामीला दाखवायचंय. ती म्हणाली, जुनी कंबरदुखी असलेल्या बऱ्याच जणांत असं दिसतं, सगळ्यांत नाही. पाठ बहुधा जपून धरते. पण ईएमजी स्नायूची वीज मोजतं, दुखणं मोजत नाही. वर, खोलवरचे स्नायू तर याला धड दिसतही नाहीत. थोडक्यात, सर्टिफिकेट नाही.

शेवटी सोरेन्सन चाचणी. १९८४ मध्ये बिअरिंग-सोरेन्सन या डॅनिश डॉक्टरने ती कंबरदुखीच्या अभ्यासात वापरली. कमरेपासून खालचं शरीर टेबलाला बांधायचं, वरचं हवेत आडवं धरायचं, हात छातीवर. २४० सेकंदांना थांबवतात. मला थांबवायची वेळ आली नाही, मी ४१ सेकंदांत आपला आपणच थांबलो. तिने स्पीकर लावला होता, पत्र्यावरच्या पावसासारखा घरघराट येत होता. स्नायू थकला की त्याच्या धाग्यांतून संदेश सावकाश जायला लागतो आणि सिग्नलची पट्टी उतरते. भाची आनंदाने म्हणाली, "काय सुंदर थकलायस मामा!" माझ्या थकण्याचं असं कौतुक यापूर्वी कुणी केलं नव्हतं.

रात्री कूस बदलताना बायको म्हणाली, "अहो, हे काय चिकटलंय तुमच्या कमरेला?"

हाडावरचा तो बिनकामाचा स्टिकर. तेवढाच काढायचा राहिला होता, आणि तेवढीच जागा भाचीने न भादरता सोडली होती. मी "थांब, पाणी लावून..." म्हणेपर्यंत तिने तो एका झटक्यात ओढला.

पाठ गादीवरून कमानीसारखी उठली. डावी, उजवी, खोलवरची, सगळी एकदम, काही हातचं न राखता. शंभर टक्के. पण तारा कुठे होत्या!