ब्रेक ऑइल ओतून इंजिनची गळती थांबत नाही, फॉरवर्डवाल्यांनो

भाच्याचा फोन आला, "मामा, ब्रेक ऑइलची बाटली आणलीये, किती टाकू?" मी म्हटलं ब्रेकच्या डब्यात मार्क असतो तिथपर्यंत टाक. तर म्हणे ब्रेकमध्ये नाही, इंजिनात.

हा मुलगा राहतो हॅमिल्टनला, कॅनडात. त्याच्याकडे १९९६ ची माझदा मियाटा आहे, ती उघडझाप हेडलाइटवाली, आणि तिकडे रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ती गाडी एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये झाकून ठेवतात. यंदा झाकायच्या आधी खाली तेलाचा डाग दिसला. फोटो ग्रुपवर टाकला तर कुणीतरी ताबडतोब तो सगळीकडे फिरणारा मेसेज चिकटवला, "जुन्या स्पोर्ट्स कारची ऑइल गळती, हिवाळ्याआधी हे ५ उपाय कराच". उपाय असे: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल दिसलं की रिअर मेन सील (इंजिनाचा मुख्य शाफ्ट, म्हणजे क्रँक, मागून बाहेर येतो तिथली रबरी रिंग) गेलंच समजा. इंजिन ऑइलमध्ये थोडं ब्रेक ऑइल टाका, सील फुगून गळती बंद. २०डब्ल्यू५० सारखं जाड ऑइल भरा. ऑइल आत्ता बदलू नका, वसंतात बदला, तोवर दर आठवड्याला दहा मिनिटं गाडी चालू करा. आणि शेवटी, जुनी गाडी गळतेच, खाली पुठ्ठा टाका आणि विसरा.

क्रम सोडून आधी ब्रेक ऑइलवर बोलतो, कारण बाकीच्यांनी फार तर पैसे वाया जातील, ह्याने इंजिन जाईल.

ह्यात अर्धं सत्य आहे आणि तेच घातक आहे. ब्रेक ऑइल रबर फुगवतं, हो. पण कुठलं रबर? डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉल ईथर जातीची द्रवं आहेत, आणि ब्रेकचे सील ती सहन करणाऱ्या रबराचे बनवतात, बहुतेक ईपीडीएम. इंजिनातले सील असतात नायट्राइल, अ‍ॅक्रिलिक नाहीतर व्हायटॉनचे, जे गरम खनिज तेलात वर्षानुवर्षं टिकावेत म्हणून निवडलेले असतात. त्यांना ग्लायकॉल लागलं की ते फुगतात, मऊ पडतात आणि मग त्यांचा लगदा व्हायला लागतो. क्रँकच्या सीलची ओठासारखी बारीक कड मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या शाफ्टला टेकलेली असते, ती मऊ झाली की किती दिवस टिकणार? आणि बाटलीला काय कळतं कुठला सील गळतोय, इंजिनातला प्रत्येक सील त्याच्यात भिजणार, व्हॉल्व्हचे सुद्धा, जे आत्तापर्यंत ठणठणीत होते. वर हे द्रव तेलात नीट मिसळत नाही आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. असलं मिश्रण बेअरिंगांवर ठेवून गाडी पाच महिने बंद ठेवायची! हेड गॅस्केट गेलं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरलं की मेकॅनिक लोक का घाबरतात ते विचारा कुणालाही, ते कूलंट म्हणजे ह्याच ग्लायकॉल घराण्यातलं. हा जुगाड मला तर गाडी विकून मोकळं होणाऱ्या माणसाचा वाटतो. घेणारा गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत थेंब पडला नाही की झालं.

आणि "आमच्या काकांनी टाकलं होतं, थांबली गळती" हे सांगू नका. थांबली असेल, काही दिवस. पुढच्या वर्षी इंजिन कोणी उघडलं आणि आत काय दिसलं ते काका सांगत नाहीत.

एक मान्य करतो, नाइलाजाने. बाजारात 'हाय मायलेज' म्हणून ऑइल मिळतं त्यात सील थोडे मऊ करणारी द्रव्यं खरोखरच असतात आणि वयाने कडक झालेला सील नुसता पाझरत असेल तर त्याने फरक पडू शकतो, हळूहळू. पण ते इंजिनासाठी बनवलेलं ऑइल आहे, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. फाटलेलं गॅस्केट त्यानेही बरं होत नाही.

आता रिअर मेन सील. हा मुद्दा वाचून किती लोकांनी गिअरबॉक्स उतरवला असेल देव जाणे. तो सील बदलायचा तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं काढावं लागतं, म्हणजे रबराची एक रिंग आणि मजुरीचं भलंमोठं बिल. तेल वरून कुठूनही सुटलं तरी खाली आणि मागे जातं, आणि इंजिनाच्या खाली-मागे काय आहे? बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचं कवच. म्हणून तिथे तेल "दिसतं". सुटतं कुठून हे त्यावरून अजिबात कळत नाही.

मियाटाच्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९८९ ते ९७, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला खेटून कॅम अँगल सेन्सर बसवलेला आहे (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम किती फिरला ते सांगणारा), आणि त्याच्या दांड्यावर एक साधी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग असते. ती पंचवीस-तीस वर्षांत प्लास्टिकसारखी कडक होते, तेल तिथून सुटून हेडच्या पाठीवरून ओघळत बरोब्बर बेल हाउसिंगवर उतरतं आणि सगळे म्हणतात रिअर मेन सील. बॉनेट उघडा, इंजिन गार असताना हेडच्या मागे हात घाला, सेन्सरच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. बोट काळं-ओलं आलं तर आधी ही ओ-रिंग, दोन-चार डॉलरची. फक्त सेन्सर सोडवण्याआधी तो आणि हेड दोन्हीवर एक रेघ मारून ठेवा, कारण तो फिरला की इग्निशनचं टायमिंग फिरतं.

दुसरा संशयित व्हॉल्व्ह कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट. माझदाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये कव्हर बसवायच्या पानावर चित्र काढून दाखवलंय की कॅमच्या कॅपांपाशी, कोपऱ्यांत, सिलिकॉन सीलंट लावायचं. लोक नवं गॅस्केट घालतात, सीलंट लावतच नाहीत, आणि मग तेच कोपरे गळतात. बोल्टचा टॉर्कही तिथेच दिलाय, साधारण ५ ते ९ न्यूटन-मीटर, म्हणजे हाताने जेमतेम आवळल्यासारखा. गळतंय म्हणून जोर लावून आवळणारे बोल्ट तोडून घेतात. हे मॅन्युअल शोधायला तो मेसेज फॉरवर्ड करण्याइतकाच वेळ लागतो, पण नाही.

शिवाय ते द्रव इंजिन ऑइलच आहे हे कशावरून? त्याच बेल हाउसिंगच्या बाजूला क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा) आहे, आणि मियाटात तो गळणं ही नेहमीची गोष्ट. तिथून येतं ते क्लचचं द्रव, पातळ, आणि वर क्लचच्या डब्यात पातळी खाली गेलेली असते. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. कागदी टॉवेलवर एक थेंब घेऊन वास घेतला तरी निम्मी शंका मिटते.

नीट शोधायचं असेल तर आधी डिग्रीझरने धुऊन पूर्ण वाळवा, कारण जुन्या चिखलावर नवी गळती दिसत नाही. मग ऑइलमध्ये चालणारा यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाका, वीसेक मिनिटं फिरवून आणा, रात्री यूव्ही टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. चमकणारी सगळ्यात वरची जागा तो उगम. खाली शिरायचं तर गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही. आणि ऑइल फिल्टर बदलताना सांडलेलं तेल गळती समजू नका, ह्या गाडीत फिल्टर इनटेकच्या खाली असा लपलाय की तो काढताना हमखास सांडतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साठणारे वायू बाहेर सोडणारा) काढून हलवून बघा, खुळखुळला तर निदान आत अडकलेला नाही. अडकला असेल तर आतला दाब वाढून चांगला सीलही तेल बाहेर टाकतो. एवढं सगळं कोरडं निघालं आणि तरी जोडातून इंजिन ऑइलच येतंय, तर हो, रिअर मेन सील. तेव्हा क्लचही त्याच वेळी बदलून घ्या.

२०डब्ल्यू५० चं काय बोलायचं. पुण्यात जुन्या इंजिनाला चालत असेल, पुण्यात पाणी गोठत नाही. एसएई ह्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० ह्या ऑइलच्या जाडीच्या तक्त्यात २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ आणि उणे २० अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३० आणि उणे ३५ ला. तिकडच्या थंडीत जाड ऑइल वर चढायलाच वेळ घेतं, तोवर कॅम कोरडे फिरतात. आणि फाटलेल्या गॅस्केटमधून ते गळायचं तेवढं गळतंच, जरा सावकाश.

"ऑइल वसंतात बदला" हेही उलटं. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल, पाणी आणि थोडं पेट्रोल असतं, ते पाच महिने आत कशाला ठेवायचं, झाकायच्या आधी बदला. दर आठवड्याला दहा मिनिटं चालू करण्याने तर ऑइल नीट तापतही नाही, आतलं पाणी उडून जायच्या ऐवजी साठतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. बॅटरीसाठी करत असाल तर बॅटरी मेंटेनर लावा, ह्या गाडीत ती डिकीत असते, सोपं काम आहे.

राहिला पुठ्ठा. टाका, मी नाही म्हणत नाही. तीस वर्षांच्या इंजिनावर थोडा ओलसरपणा असतोच, प्रत्येक ओल्या जागेसाठी इंजिन उघडायला मीही सांगणार नाही, आणि डाग कुठे पडतो ते पुठ्ठ्यावर खुणा करून कळतं. पण ते "विसरा" मात्र नको. मियाटात मागून ओघळणारं तेल हीटरच्या रबरी होजवर पडतं, होज तेलाने फुगतो, मऊ होतो, आणि एप्रिलमध्ये पहिल्याच फेरीत कूलंट जातं. तेव्हा ओ-रिंगसाठी हात मागे गेलाच आहे तर तो होजही दाबून बघ रे, आणि फुगलेला लागला तर गाडी झाकायच्या आधीच बदलून टाक.