दीक्षाविधी बिघडवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

यंदा फ्रीमेसनांच्या, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुसंघटनेच्या, लॉजमध्ये (शाखेत) तुम्हाला हुद्दा मिळाला? अभिनंदन. आता विधीचं पुस्तक कपाटात जपून ठेवा. लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे तालीम, चुकवायला कारण शोधावं लागत नाही. फोर्टात आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी सातला पोचणं कुणाला जमतं! पाठांतर सभेच्या दिवशी डोंबिवली ते सीएसएमटी करा. पुस्तकात गुप्त शब्दांच्या जागी नुसती टिंबं असतात. तिथे काय म्हणायचं ते आधी कुणालाही विचारू नका. ऐन वेळी खोकला काढता येतो.

दीक्षा घेऊन सभासद होणाऱ्या उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे या पहिल्या पदवीच्या विधीचा बराचसा भाग त्याला फक्त ऐकू येतो. ही संधी दवडू नका. मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख, श्वास घ्यायला थांबला, की तो विसरलाच असं समजून शब्द पुरवा. प्रॉम्प्ट एकट्यानेच द्यावा, बहुधा नुकत्याच पायउतार झालेल्या मास्टरने, असा संकेत आहे. पण मग मागच्या खुर्च्यांवरच्या बाकी माजी मास्टरांनी काय करायचं? त्यांनीही द्यावा, प्रत्येकाने आपल्या काळातला. पट्टीच्या आत बसलेल्या माणसाला वाटतं, आपण चुकून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आलो.

ज्युनिअर डीकन हा अधिकारी त्याला हाताला धरून लॉजभर फिरवतो. डाव्या पायाने निघायचं, कोपऱ्यावर थांबून काटकोनात वळायचं, आणि वळण आलं हे हाताच्या दाबाने कळवायचं. दाब देणारा डीकन कोपरा मोजून ठेवतो, त्यामुळे उमेदवाराला भीती वाटत नाही. आणि भीती नाही वाटली तर दीक्षा कसली? तेव्हा त्याला ओढत न्या आणि 'राइट... नाही, लेफ्ट' असं सगळ्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटा. प्रार्थनेच्या वेळी ज्युनिअर आणि सीनिअर असे दोन्ही डीकन त्याच्या डोक्यावर काठ्यांची फुली करतात. एक डीकन सहा फुटी आणि दुसरा पाच फुटी निवडला, की काम आपोआप होतं.

ग्रंथांकडे जरा लक्ष द्या. इथल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि गुरु ग्रंथ साहिब एकत्र ठेवले जातात. ही सोय सुखासुखी झालेली नाही. भारतीय माणसांना आत घेता यावं म्हणून १८४३ साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही वेगळी लॉज काढावी लागली होती. उमेदवार कोणत्या ग्रंथावर शपथ घेणार, हे सेक्रेटरीने आधीच विचारून ठेवायचं असतं. तुम्ही तो गुडघा टेकून बसल्यावर विचारा, मोठ्याने. मग शपथ सांगताना एका वेळी चार-पाच शब्द देऊ नका, अख्खं पोटवाक्य टाका. इंग्रजी जुनं, वाक्यं लांबलचक. तो दुसऱ्या ओळीतच हरवेल आणि उरलेलं तोंडातल्या तोंडात म्हणेल. मागून 'सो मोट इट बी', म्हणजे तथास्तु, जोरात झालं की शपथ झाली. कशाची, ते त्याने सवडीने विचारावं.

अवजारं तीनच: चोवीस इंची पट्टी, हातोडा, छिन्नी. पट्टीचे इंच म्हणजे दिवसाचे तास. काही वेळा पेटी उघडल्यावर पट्टीच सापडत नाही. हरकत नाही, 'समजा ही पट्टी' म्हणा.

लंडनच्या इम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंटमध्ये, म्हणजे १८२३ पासून चालत आलेल्या तालमीत, एकही शब्द न चुकता विधी केला तर चांदीचं आवरण असलेली काडेपेटी मिळते. काडेपेटी! त्यापेक्षा आपल्याकडे भोजनाच्या टेबलावर, सतरा प्रॉम्प्ट घेतलेल्यालाही 'ब्रदर, अप्रतिम' ऐकायला मिळतं, आणि सांगणारा तेव्हा बिर्याणी वाढून घेत असतो.

शेवटी चार्ज. नव्या सभासदाला कर्तव्यं सांगणारं हे लांब भाषण त्याच्या डोळ्यांत बघून, पाठ म्हणायचं असतं. डोळ्यांवरची पट्टी केव्हाच सुटलेली असते, तो तुमच्याकडे बघत असतो. नेमका तेव्हा मोबाइल चेहऱ्यासमोर धरा आणि शेवटच्या कर्जतच्या वेळेत बसेल अशा वेगाने वाचून टाका.